देवडीतली अन्ना

वसमतच्या देवडीत मी आले तेव्हा चार महिन्यांची होते, आणि खरं सांगायचं तर मला कुणी बोलावलं नव्हतं. बोलावलं होतं मायच्या दुधाला. मी आपली त्याच्याबरोबर आले. आमचं घर मेंढरं राखणाऱ्यांचं, औंढ्याच्या बाजूच्या डोंगरपट्ट्यातलं. बाप आठ-आठ महिने मेंढरांमागे रानात असायचा. देवडीच्या बेगमना मुलगी झाली आणि त्यांच्या अंगावर दूध उतरेना, तेव्हा त्यांचा कारभारी धडधाकट, नुकती बाळंत झालेली बाई शोधत गावोगाव फिरला. आमच्या गावी आला तो हकीमाला घेऊनच. हकीमाने मायच्या दुधाचा एक थेंब स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर घेतला, अंगठा कलता केला, थेंब ओघळला नाही. दूध दाट आहे, म्हणाला. त्याच आठवड्यात छकडा आला आणि मायच्या पदराखाली मीही वसमतला पोचले.

देवडी म्हणजे जहागीरदारांचा महाल. त्यांचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. आता त्या घरातलं इकडे कुणी उरलेलं नाही, पण जिथे असतील तिथे सुखाने असोत. जुन्या गावाच्या अगदी पोटात ती देवडी होती. पुढे हळदीचा आणि कापसाचा बाजार, मागे मशीद आणि रंगाऱ्यांची गल्ली. त्यांच्या कुणा पूर्वजाने कधीतरी कुठला किल्ला राखला, त्याबद्दल ही जागा मिळाली होती म्हणे. पुढचा भाग मर्दाना, पुरुषांचा. तिथे काय होतं हे पंधरा वर्षं त्याच छपराखाली राहूनही मी नीट सांगू शकत नाही, कारण आमचं जग मधल्या जाड पडद्याच्या अलीकडे संपायचं. अलीकडे दोन चौक, एक हौद, नक्षीच्या कमानींचं लांबलचक दालान, आणि माडीवर दगडी जाळीची खिडकी. त्या जाळीला डोळा लावला की बाजार दिसायचा, पण बाजाराला आपण दिसायचो नाही. आम्ही दोघी पोरी तिथे तासन्‌तास बसायचो. हळदीच्या पोत्यांवर झोपलेल्या हमालांना नावं ठेवायची आणि ते जागे झाले की दचकून मागे सरकायचं, हा आमचा मुख्य उद्योग होता.

दोघी म्हणजे मी गिरजा आणि देवडीची एकुलती एक लेक मुनव्वर. सगळे तिला मुन्नू पाशा म्हणायचे. त्या घरात बायकांना पाशा म्हणण्याची रीत होती. तिची आई बेगम पाशा, हैदराबादला दिलेली आत्या फूफी पाशा. आणि माझी माय ती अन्ना. अन्ना म्हणजे दूध पाजणारी दाई. मायचं खरं नाव बनाबाई, पण देवडीत ते कुणाला ठाऊकही नव्हतं. उजवी बाजू मुन्नूची, डावी माझी, अशी बेगम पाशांनी पहिल्याच दिवशी वाटणी करून दिली होती. मायला मिरची बंद, आंबट बंद, अंबाडीची भाजी बंद. त्याबदली रोज बदाम घालून आटवलेलं दूध. माय सांगायची, गावाकडे मेंढीच्या दुधातला चहा मिळायची मारामार, आणि इथं मी बसून बदाम चावून राहिले. आणखी एक ताकीद होती, आणि ती सगळ्यांत कडक होती: या दोघींखेरीज तिसऱ्या लेकराला अंगावर घ्यायचं नाही. मायला त्याचं काही वाटलं नाही. आमच्याकडे सावकाराने एखाद्या म्हशीचा रतीब लावला की तिचं दूध दुसरीकडे जात नाही, तसंच हे असेल असं तिने धरून घेतलं. मोठ्या लोकांनी रतीब लावलाय, दुसऱ्याला दिलं तर त्यांच्या लेकीला कमी पडेल. तिच्या हिशेबाने ते अगदी बरोबर होतं.

मुन्नूचं दूध सुटलं तरी तिने मायला सोडलं नाही, म्हणून आम्ही तिथेच राहिलो. बेगम पाशांना याचा थोडा त्रासही होता, कारण नवाबांची ही लेक पहिलं बोलली ते धनगरी मराठीत. पाहुण्या बायकांसमोर एकदा ती "मला भूक लागून राहिली" म्हणाली तेव्हा दालानात हशा पिकला आणि बेगम पाशांचा चेहरा पडला. पुढे शिकवायला उस्तानीबी आल्या आणि मुन्नूची जीभ सुधारली. माझीही सुधारली, कारण मुन्नू एकटी शिकायला बसेना. अशी मी आधी उर्दू शिकले, आणि मराठी अक्षरं लग्नानंतर कितीतरी वर्षांनी. ही वहीसुद्धा आज मी उलटीकडून उघडली होती. सून म्हणाली, सासूबाई, शेवटापासून लिहिताय का? मी म्हटलं, बाई गं, तसंच लिहायला पाहिजे होतं.

माय मात्र आपल्या जातीची रीत सोडत नव्हती. मागच्या चौकात लिंबाखाली तिने तीन दगडांची वेगळी चूल मांडली होती आणि ती स्वतःच्या हातचीच भाकर खायची. मी दोन्हीकडे खायचे. सकाळी मायच्या चुलीवरची ज्वारीची भाकर आणि तेलाचं पिठलं, दुपारी मुन्नूच्या ताटातली खिचडी आणि चिंचेचं खट्टं. मायला ते दिसायचं, पण ती तोंड फिरवून लाकूड पुढे सारायची. एकदा बाप भेटायला आला तेव्हा तिने मला डोळ्यांनीच दटावलं, आणि मी दोन दिवस फक्त पिठल्यावर काढले. बाप गेला त्या दुपारी मुन्नूने माझ्यासाठी झाकून ठेवलेला शीरखुर्मा मी उभ्या-उभ्या संपवला. आजही दुपारी कुणी अडकित्त्याने सुपारी कातरली की मला ती देवडीची दुपार आठवते: बेगम पाशांचा अडकित्ता, वळचणीला घुमणारी कबुतरं, भिश्तीची पखाल हौदात रिकामी होताना होणारा आवाज, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला गावभर पसरणारा शिजत्या हळदीचा वास.

आता मुख्य गोष्टीकडे येते. बराच वेळ तिच्याभोवती घुटमळून झालं.

आम्ही दोघी अंगावर पिणाऱ्या होतो तेव्हा फूफी पाशा हैदराबादहून माहेरी आल्या होत्या. कडेवर वर्षा-सव्वा वर्षाचा मुलगा, शौकत. आल्या आणि त्यांना कडक ताप भरला. मुलाला त्यांच्याजवळ जाऊ देईनात. तो बकरीचं दूध ओकून टाकायचा, गाईचं तोंडात घ्यायचा नाही. त्याला सांभाळणारी हैदराबादची म्हातारी बाई रडकुंडीला आली होती. ताकीद होती, पण मायच्या कानांना ते ओरडणं सहन होईना. धान्याच्या कोठीत पोत्यांच्या आडोशाला बसून तिने त्याला पाजलं. एकदा पाजल्यावर तो तिचा वास ओळखायला लागला. फूफी पाशांचा ताप उतरेपर्यंत आठ दिवस हे चाललं. सांभाळणारी बाई काही बोलली नाही, कारण तिला वाटलं आपली कातडी वाचली. पुढे ती मेलीही. उरलं ते मायजवळ, आणि मायकडून माझ्याजवळ. शौकतमियांचं नाव निघालं की माय मला हळूच सांगायची, "त्याला बी म्या पाजलंय. धडधाकट झाला आसंल बघ." रतीब मोडल्याची थोडी लाज आणि पोरगं जगवल्याचा पुष्कळसा अभिमान, असं तिचं ते गुपित होतं.

मुन्नूला सोळावं लागलं आणि तिचं लग्न याच शौकतशी ठरलं. त्याआधी एक जुळलेलं लग्न मोडलं होतं, काही दोष नसताना, आणि मोडलेल्या लग्नाची मुलगी म्हणून वर्षभर बेगम पाशांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिच्या वडिलांची, नवाबसाहेबांची, तब्येतही ढासळली होती. त्यामुळे फूफी पाशांनी आपणहून मुलगी मागितली तेव्हा घराला उजेड आला. मुन्नूला शौकतची एक तसबीर दाखवली गेली. तिने ती बघितली न बघितली असं केलं आणि नंतर मला जाळीच्या खिडकीत नेऊन त्याचे कान कसे मोठे आहेत यावर पाऊण तास बोलत बसली. एवढं कुणी नावडत्या माणसाच्या कानांबद्दल बोलत नाही. मी तिच्याबरोबर हैदराबादला जायची, हेही ठरलं होतं. लग्नाच्या मुलीबरोबर माहेरची एक मुलगी पाठवायची त्यांच्यात पद्धत होती. तिथे मुलींची शाळा आहे, तुला शाळेत घालीन, असं मुन्नू मला म्हणाली होती. गावाकडे माझ्या चुलत्या, पोरगी घोडनवरी झाली म्हणून बोटं मोडत होत्या, आणि मला तर रात्रंदिवस फक्त शाळा दिसत होती.

लग्नाला दहा दिवस राहिले असताना उस्तानीबींनी मुन्नूला संसाराच्या गोष्टी शिकवायला घेतल्या. त्यात एक धडा होता, कुणाशी लग्न होऊ शकत नाही याचा. बाप, भाऊ, काका, मामा. मग म्हणाल्या, दूध पाजणारी आईच्या बरोबरीची, आणि तिच्या अंगावर जितकी लेकरं पिली तितकी एकमेकांची सख्खी भावंडं. माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, ही गिरजा मुलगा असती तर हिच्याशी तुझं लग्न कधीच झालं नसतं, जगात कुठल्याही काजीने लावलं नसतं. मुन्नूने हसून मला चिमटा काढला. मी पण हसले. आणि हसता हसताच मला मायचं कोठीतलं गुपित आठवलं. बेगम पाशांची ती ताकीद कशासाठी होती हे मला त्या चटईवर बसल्या बसल्या समजलं.

दोन दिवस मी गप्प राहिले. कुणी विचारलं तर मी म्हणेन की पोरवय होतं, घाबरले होते. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. बोललं तर लग्न मोडेल, लग्न मोडलं तर शाळा गेली, हा विचार माझ्या मनात पहिल्या घटकेलाच येऊन बसला होता. तिसऱ्या दिवशी मला राहवेना, आणि लिंबाखाली माय भाकर थापत असताना मी तिला सांगितलं. माय आधी हसली. म्हणाली, "दुधानं कुठं भाऊ-बहीण होत असत्यात व्हय? मंग आपल्या गावातली निम्मी मान्सं म्हशीची लेकरं व्हायला पाहिजेत." मी हसले नाही. मग तिचा हात थांबला. तव्यावरची भाकर करपली तरी तिने ती काढली नाही. "त्यांच्यात हाय म्हंती का आसं? बराबर ऐकलंस?" एवढंच तिने दोनदा विचारलं.

मी तिला म्हटलं, गप्प राहू. कुणाला माहीत आहे? आपल्या दोघींच्या पोटात मरून जाईल. माय म्हणाली, आपल्यात न्हाई, पण त्यांच्यात हाय. ती लेक त्यांच्यातली हाय. उद्या तिला कळलं तर ती मला काय म्हणेल? माझ्या मायला लिहिता-वाचता येत नव्हतं, धर्माचं कुणी तिला शिकवलं नव्हतं. पण दुसऱ्याच्या देवाची चीज सांडली तर आपण आपल्या देवाचं नाव घेऊन मोकळं व्हायचं, हे तिला जमलं नाही.

बेगम पाशा दालानात पानदान पुढे घेऊन बसल्या होत्या. मायने त्यांना एकांत मागितला, आणि मी खांबाशी उभी राहिले. मायने सगळं सांगितलं, ताप, ओकाऱ्या, कोठी, सगळं. बेगम पाशांच्या हातात चुना लावलेलं पान होतं. ते तसंच राहिलं. मी वाट पाहत होते की त्या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. त्यांचा आवाज इतका मऊ झाला की मला जास्तच भीती वाटली.

"अन्ना, सोचके बोलो," त्या म्हणाल्या. "एक बार पिलाए होंगे. बच्चा मुंह फिरा लिया होगा. इत्ते बरसां हो गए, याद भी कैसा रहता?"

त्या तिला वाट काढून देत होत्या: मूल नीट प्यायलंच नाही तर नातंही नाही. मी लहान होते तरी मला ते कळलं. मायने नुसतं "व्हय" म्हटलं असतं तरी सगळं निभावलं असतं. माझी शाळा, मुन्नूचा नवरा, बेगम पाशांची झोप. मी मनातल्या मनात मायला म्हणत होते, म्हण, व्हय म्हण.

माय म्हणाली, "एक डाव न्हाई, पाशा. आठ दिवस पाजलं. सकाळ, दुपार, सांज. पोट भरूस्तोवर पाजलं. त्यानं तोंड फिरवलं न्हाई."

बेगम पाशांनी पान पानदानात परत ठेवलं. मग त्या म्हणाल्या की आता अन्नाने सांगून टाकलं, अन्ना सुटली. यापुढे जे काही आहे ते माझ्या डोक्यावर. हे लग्न होईल. एकदा मोडलं, दुसऱ्यांदा मोडलं तर माझी लेक याच दालानात म्हातारी होईल. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ही पोरगी हैदराबादला जाणार नाही. लग्न लागलं की तुम्ही दोघी गावी जा. मुन्नूला सांगू की गिरजाचंही लग्न ठरलंय. त्यांनी आम्हाला शिवी दिली नाही, हाकललं नाही. उलट मायचा हात हातात घेऊन थोडा वेळ बसल्या. मला त्यांचा राग आला होता. पुढे मी स्वतः लेकीची आई झाले तेव्हा तो उतरला, पण पूर्ण नाही.

आम्हाला लगेच पाठवता आलं नसतं. अन्ना लग्नाआधी निघून गेली तर पाहुण्या बायकांच्या तोंडाला कोण हात लावणार? आणि एक विधी मायवाचून अडत होता. त्यांच्यात लग्नाआधी मुलगी दूध पाजणारीपुढे बसते आणि दूध बख्शायला सांगते. म्हणजे, तू मला पाजलंस, त्याचं माझ्यावर जे देणं आहे ते माफ कर. ती पाजणारी म्हणते, बख्शलं. मग मुलगी मोकळ्या मनाने सासरी जाते. म्हणून आम्ही राहिलो. फूफी पाशा आल्या, हैदराबादच्या बायका आल्या, दोन्ही चौकांत चुली पेटल्या, मुन्नूला पिवळी वस्त्रं नेसवून मांज्याला, म्हणजे हळदीला, बसवली, आणि वसमतची ताजी हळद तिच्या हातापायांना मी लावली. ती मला सारखी विचारत होती, तू बोलत काहून नाहीस? माझं लग्न ठरल्याचं तिला सांगितलं गेलं होतं आणि ती माझ्यावर रुसली होती. "मला काय काय कबूल केलं होतंस," असं ती मराठीत म्हणाली. रुसली की ती मराठीतच बोलायची. मी तिच्या पावलाला हळद चोळत खाली बघत राहिले.

निकाहच्या दिवशी सकाळी दालानात सगळ्या बायका जमल्या आणि मायला मधोमध चौरंगावर बसवलं. नवं हिरवं लुगडं नेसवलं होतं. आयुष्यात तिला इतक्या लोकांनी एकदम कधी बघितलं नव्हतं. मुन्नू तिच्यापुढे गुडघे टेकून बसली, डोकं मायच्या मांडीवर ठेवलं, आणि शिकवलेलं वाक्य म्हणाली, "अन्ना, दूध बख्शो."

मायने तिच्या डोक्यावर हात ठेवला. बेगम पाशा समोर उभ्या होत्या. मग माय म्हणाली, "बख्शलं गं माझ्या लेकरा." आणि थांबायचं सोडून ती पुढे म्हणाली, मोठ्यानं, सगळ्या दालानाला ऐकू जाईल असं: "तुझं बी बख्शलं. त्याचं बी बख्शलं. दोघाचं बी सोडलं म्या. माझं काई न्हाई ऱ्हायलं तुमच्यावर."

मी आजवर मायला याबद्दल दोष दिलेला नाही. तिला वाटलं होतं, देणं माफ केलं की नातंही सुटेल. तिचं दूध, तेव्हा सोडायचा हक्कही तिचाच. इतके दिवस तिने चुलीपाशी बसून हीच एक तोड शोधून काढली होती, आणि ती कुणाला विचारायची तिला सोय नव्हती. फूफी पाशांनी हसत विचारलं, किसका बोले अन्ना? बेगम पाशा तत्काळ म्हणाल्या, आपल्या गिरजाचं, दोघी एकदमच पिल्या ना. सगळ्या बायका हसल्या, कुणीतरी आशीर्वाद दिला, कुणीतरी मायच्या तोंडात खडीसाखर घातली. पण मुन्नू उठली नाही. तिने मायच्या मांडीवरून डोकं उचलून माझ्याकडे बघितलं. त्या चटईवर धडा ऐकायला आम्ही दोघीच होतो. मी मुलगी आहे, मला "त्याचं" म्हणत नाहीत, हे मराठी त्या दालानात तिच्याइतकं कुणाला येत नव्हतं. मी खाली बघितलं. तेवढंच केलं मी, आणि तिला तेवढं पुरलं.

मायला ताप चढलाय असं सांगून बेगम पाशांनी तिला तिथूनच मागच्या दाराला उभ्या असलेल्या छकड्यात नेऊन बसवलं. मलाही जायचं होतं, पण मुन्नूने माझं मनगट धरलं ते सोडलं नाही, आणि नवरीला सर्वांदेखत कोण ओढणार? दुपारच्या नमाजानंतर पडद्यापलीकडे नवरीची कबुली घेणारे वकील आणि दोन साक्षीदार येऊन बसले. अलीकडे लाल ओढणीखाली मुन्नू, आणि तिच्या ओढणीखाली तिच्या मुठीत माझा हात. वकिलांनी नाव घेऊन विचारलं, शौकतशी निकाह कबूल आहे का. मुन्नू काही बोलली नाही. बायका कौतुकाने म्हणाल्या, लाजते. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. तिची नखं माझ्या तळहातात रुतली. ती वाट बघत होती की मी बोलेन. मी वाट बघत होते की ती बोलेल. माझ्याजवळ चार शब्द होते, ते बोलायला जिभेला काही धाड भरली नव्हती. पण पडद्यापलीकडे सगळं गाव बसलेलं, अलीकडे सगळं हैदराबाद, बेगम पाशांचे डोळे माझ्यावर, आणि मी मेंढरं राखणाऱ्याची पोर, दुधाबरोबर आलेली. तिसऱ्यांदा विचारलं. मुन्नू बोलली नाही. तिचा श्वाससुद्धा मला ऐकू येत नव्हता. मग पलीकडून वकिलांचा समाधानाचा आवाज आला, "चुप है, राजी है," आणि खजुरांची ताटं फिरायला लागली.

तिच्या बोटांतून माझा हात मीच सोडवून घेतला. दालानाच्या पायऱ्या उतरले, मागचा चौक ओलांडला, लिंबाखालची चूल कुणीतरी आधीच उधळून ठेवली होती. छकड्यात माय गाठोड्याला टेकून बसली होती, नव्या लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतलेला. मी चढले तशी गाडीवानाने बैल हाकले. रंगाऱ्यांच्या गल्लीतून बाहेर पडून आम्ही औंढ्याच्या रस्त्याला लागलो. मग मायने विचारलं,

"काय म्हन्ली माझी लेक?"

"काई न्हाई म्हन्ली."

"काईच न्हाई?"

"काईच न्हाई."

मायचा चेहरा उजळला. तिने माझा हात धरला. "मंग न्हाई लागलं ना लगीन?"

"लागलं, माय," मी म्हटलं.